जुन्या गाडीची सुरक्षितता: प्रत्यक्ष अपघातांचे आकडे वाचायचे कसे?

प्रश्न – चौथा_गिअर
जुन्या गाड्यांपैकी दोन मॉडेल निवडली आहेत. क्रॅश टेस्टमध्ये दोन्हींना पाच तारे आहेत, पण टेस्ट वेगवेगळ्या वर्षांच्या. प्रत्यक्ष अपघातांवरून काढलेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या रेटिंगमध्ये मात्र एक बरीच वर, दुसरी खाली. भरवसा कशावर ठेवायचा?

आकडेमोड
दोन्ही खरं सांगतात, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तारे त्या वर्षीच्या निकषांवर मिळतात आणि निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून जुने पाच तारे आणि नवे पाच तारे एका मापाचे नसतात.

मोनॅशचं रेटिंग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या पोलीस नोंदींवरून निघतं. चालकाच्या बचावाचा आकडा म्हणजे दोन शक्यतांचा गुणाकार: अपघातात चालक जखमी होण्याची आणि जखमी झालाच तर मरण्याची किंवा रुग्णालयात दाखल होण्याची. चालकाचं वय, लिंग, रस्त्याची वेगमर्यादा, किती वाहनं धडकली, यांचा परिणाम आधी वजा करतात. तसं केलं नाही तर तरुण पोरं जी गाडी पळवतात ती उगाच बदनाम होते.

आकड्याशेजारचा विश्वासांतर पट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे तो पल्ला, जरूर बघा. समजा, एकीचा धोका २.८ टक्के (पट्टा २.१ ते ३.७) आणि दुसरीचा ३.२ (२.७ ते ३.८). पट्टे एवढे एकमेकांवर चढलेले असताना पहिली जास्त सुरक्षित असं म्हणता येत नाही. कमी खपलेल्या मॉडेलचे अपघातही कमी, म्हणून पट्टा रुंद. आणि पिढी तपासा: नाव तेच राहतं, पण सांगाडा बदललेला असतो.

वजनकाटा
वजनाचा मुद्दा राहिला. गाड्यांना तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेच्या २०२० पूर्वीच्या समोरच्या टेस्टमध्ये गाडी ताशी ६४ किमी वेगाने दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवायचे. ती साधारण स्वतःच्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाली. रस्त्यावर तसं नसतं. १००० किलोची आणि २००० किलोची गाडी प्रत्येकी ५० च्या वेगाने समोरासमोर भिडल्या तर हलकीच्या वेगात सुमारे ६७ चा फरक पडतो, जडच्या सुमारे ३३ चा. हलकीतल्या माणसाला दुप्पट हिसका. प्रत्यक्ष अपघातांच्या आकड्यांत हे आपोआप उतरतं.

स्वीडनची फोल्कसाम विमा कंपनी दोन गाड्यांच्या टकरी जोडीने तपासते. समजा ४० टकरींत दोन्ही चालक जखमी, ६० मध्ये फक्त आपल्या गाडीचा, १०० मध्ये फक्त समोरचा. म्हणजे आपला चालक एकूण १०० वेळा जखमी, समोरचा १४० वेळा; १०० भागिले १४० म्हणजे ०.७१. आकडा एकपेक्षा कमी असेल तर चांगला. टक्कर दोघांची एकच, त्यामुळे ती किती जोराची होती हा घोळ बराचसा मिटतो.

चौथा_गिअर
म्हणजे जड गाडी घ्यावी?

वजनकाटा
डोळे मिटून नको. तीच गाडी पादचाऱ्याला, दुचाकीस्वाराला आणि समोरच्या हलक्या गाडीला किती इजा करते याचंही वेगळं रेटिंग असतं, ते वाचा. शिवाय चालकाच्या बचावाचा आकडा अपघात झाल्यानंतरचा आहे. अपघात टळला तर तो नोंदीतच येत नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात ईएससीमुळे (गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून ती सावरणारी यंत्रणा) एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका जवळपास निम्म्यावर आलेला दिसतो. दोन गाड्या तुल्यबळ असतील तर ईएससी असलेलीच घ्या. याबाबत तडजोड करू नका.

पाना_१४
हे सगळं मॉडेलचं झालं. समोर उभी असलेली गाडी आधी ठोकलेली असेल तर रेटिंग तिला लागू पडत नाही. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर बिघाड लपवण्यासाठी तो काढलेला असू शकतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा: पट्ट्यावर वितळल्यासारखे चकाकणारे डाग असतील तर जोराच्या धडकेत त्यावर ताण आलेला असतो. बॉनेट उघडून एप्रन (इंजिनाच्या बाजूचे आतले पत्रे) आणि पुढच्या चॅसी पट्ट्या बघा, कारखान्याचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे गोल ठिपके) सारख्या अंतरावर असतात. बी-पिलर (पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब) गॅसने तापवून सरळ केला असेल तर ती गाडी सोडाच, कारण उष्णतेने त्यातल्या उच्च ताकदीच्या पोलादाचा कणखरपणा जातो. शेवटी चॅसी नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावली आहे का) तपासा. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणारा भाग) अमोनियम नायट्रेट दमट, उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहिलं की खराब होतं आणि एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडतात. तो इन्फ्लेटर बदलल्याची नोंद दिसेपर्यंत पैसे देऊ नका.