मदत हवी आहे : प्लेगच्या वेळचा पाद्री नक्की कोण? (तातडीचं)

केतकी_यूके: मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट, उद्या सकाळी द्यायचाय. एके ठिकाणी मॉम्पेसन लिहिलंय, दुसरीकडे स्टॅनली, आणि चर्चच्या पाद्र्यांच्या यादीत तिसराच कुणी अ‍ॅडम्स. लिंका नकोत, सरळ नाव सांगा.

गोट्या७२: अहो ताई, गाव कुठलं?

केतकी_यूके: ईम, डर्बीशायर! नावांवरून कळेल असं वाटलं.

सदाशिवपेठी: प्लेग म्हटलं की आम्हाला १८९७चं पुणं आठवतं. सोजीर घराघरांत घुसले, मग २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडला गोळ्या घातल्या. त्यावर प्रोजेक्ट का नाही करत?

गोट्या७२: काका, पोरगी इंग्लंडात शिकतेय.

खडीसाखर: तिघेही खरे. अ‍ॅडम्स राजाच्या बाजूचा, म्हणून राजा विरुद्ध संसद अशा यादवी युद्धात त्याला काढून प्युरिटन, म्हणजे साध्या-कडक उपासनेचा आग्रह धरणाऱ्या गटातल्या, स्टॅनलीला आणलं. १६६०मध्ये राजेशाही परतली, अ‍ॅडम्सही परतला. १६६२च्या अ‍ॅक्ट ऑफ युनिफॉर्मिटीने ठरावीक प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं. स्टॅनलीने ते मानलं नाही आणि चर्चमधून कायमचा बाहेर पडला. अ‍ॅडम्स वारल्यावर १६६४मध्ये मॉम्पेसन आला. प्लेग १६६५-६६चा, म्हणजे तेव्हाचा रेक्टर (गावच्या चर्चचा अधिकृत पाद्री) मॉम्पेसनच. पण तो तिशीही न गाठलेला, गावाला परका. लोक अजून स्टॅनलीलाच मानत. त्यामुळे जून १६६६मध्ये दोघांनी मिळून ठरवलं: चर्च बंद, प्रार्थना ककलेट डेल्फच्या घळीत उघड्यावर, ज्याने त्याने आपली माणसं स्वतः पुरायची, आणि साथ बाहेर पसरू नये म्हणून गावाबाहेर कुणी जायचं नाही.

चिकित्सक: आणि मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर धाडली होती. ते नाही लिहिलंत?

खडीसाखर: बायको राहिली ना. कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली, थडगं चर्चच्याच आवारात आहे.

चिकित्सक: मान्य, पण पद गेलेला, कायद्याच्या नजरेत नकोसा झालेला माणूस गावासाठी उभा राहतो आणि नाव होतं सरकारमान्य रेक्टरचं. स्टॅनलीशिवाय गाव ऐकलंच नसतं.

खडीसाखर: आणि जवळच्या चॅट्सवर्थच्या सरदाराशी, अर्ल ऑफ डेव्हनशायरशी, बोलून अन्नाची सोय कुणी केली? रेक्टरनेच. वेशीवर धान्य आलं नसतं तर गावकरी किती दिवस थांबले असते?

भटक्या_मिलिंद: जाणार असाल तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जा, प्लेग संडे असतो, त्या साथीच्या स्मरणाचा. चर्चच्या आवारातला सॅक्सन काळातला दगडी क्रूस चुकवू नका, प्लेगच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. आणि पार्किंगला लवकर पोचा.

केतकी_यूके: जायचं नाहीये हो! वर्कशीटवर नावाला रकाना एकच आहे. कुणाचं लिहू?

खडीसाखर: मॉम्पेसन. कंसात स्टॅनली.

चिकित्सक: उलटं लिहा.