ट्रान्सप्लांट झालं, आता फिनास्टराइडची गोळी घ्यायची का नको?

सुदामानगरवाला
नमस्कार मंडळी, वय 29, इंदूरलाच असतो. दिवाळीनंतर पुढच्या बाजूचं हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. लावलेले केस पहिल्या महिन्यात बहुतेक सगळे झडले, आई जाम घाबरली होती पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आता बारीक बारीक यायला लागलेत. आता ते म्हणतायत फिनास्टराइड 1 मिग्रॅ रोज सुरू कर आणि मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केसांचं औषध, ते पण लाव. मला कळत नाहीये की मागचे केस पुढे लावले आणि ते परमनंट असतात असं सगळेच सांगतात तर मग गोळी कशाला, तीही वर्षानुवर्षं? भोवऱ्यापाशी थोडं विरळ आहे पण बाकी ठीकच आहे. नेटवर वाचलं की इच्छा कमी होते, डिप्रेशन येतं, आणि इकडे लग्नाचं बघणं चालू आहे. खरंच कोणी घेतली असेल तर सांगा. आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर गेलो तर चालेल ना?

मालव्यातला_माणूस
भिया, माझ्या मामेभावाचं सांगतो. त्यानं पंचविशीत पुढची लाइन करून घेतली, औषध काहीच घेतलं नाही. लावलेले केस आजही मस्त आहेत, पण त्यांच्या मागचे जे त्याचे स्वतःचे होते ते जातच राहिले, आता पुढे कुंपण आणि मागे मोकळं मैदान असं झालंय. समोरून कळत नाही, पण बहिणीच्या लग्नात ड्रोननं वरून शूटिंग केलं त्यात सगळं दिसलं आणि त्यानं तो व्हिडिओ परत कधी लावू दिला नाही. आता दुसऱ्यांदा करायचं तर मागे तेवढे केस पण पाहिजेत ना. तुझा भोवरा आत्ताच विरळ आहे म्हणतोस, माझं मत विचारशील तर घे.

त्वचा_डॉक्टर_ताई
मी स्किनची डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डीएचटी नावाचं हार्मोन केसांची मुळं हळूहळू बारीक करतं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही आणि ती पुढे लावली तरी तशीच वागतात, म्हणून लावलेल्या केसांसाठी गोळी लागत नाही. गोळी लागते ती तुमच्या मूळच्या केसांसाठी, ते अजून त्या हार्मोनच्या तावडीत आहेत. फिनास्टराइड रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्क्यांनी कमी करतं. अमेरिकेत 1 मिग्रॅची गोळी टकलासाठी 1997 मध्ये मंजूर झाली, त्याआधी 5 मिग्रॅची प्रोस्टेटसाठी होतीच, म्हणजे औषध नवं नाही. फरक कळायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि बंद केली की वर्षभरात मिळालेला फायदा निघून जातो, तेव्हा सुरू करताना हे धरूनच चाला.

साइड इफेक्ट खोटे नाहीत हो. सुरुवातीच्या ट्रायलमध्ये शंभरातल्या चारेक पुरुषांना लैंगिक तक्रार झाली, पण नुसती डमी गोळी घेणाऱ्यांतही शंभरात दोघांना झाली. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर ठीक होतं, काही जणांनी मात्र तक्रार नंतरही राहिल्याचं सांगितलंय. मनावरच्या परिणामाचं मी जास्त गंभीरपणे घेते. 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा साइड इफेक्ट म्हणून मान्य केलाय. तुम्हाला किंवा घरात कोणाला डिप्रेशन झालं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि मूड उतरायला लागला तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही.

गेरचं म्हणाल तर ग्राफ्ट, म्हणजे लावलेली मुळं, दहाएक दिवसांत पक्के होतात, रंगानं उपटले जाणार नाहीत. पण पक्का रंग टाळूला लागू देऊ नका, टोपी घाला.

रामबागकर
मी घेतलीय. दोनतीन महिन्यांत इच्छा कमी झाल्यासारखी वाटली, बायकोशी बोललो, डॉक्टरांना सांगितलं, बंद केली, काही आठवड्यांत पूर्ववत झालं. आता नुसतं 5 टक्के मिनॉक्सिडिल लावतो. भोवरा भरला नाही पण आहे तेवढं टिकलंय आणि मला तेवढं पुरतं. मिनॉक्सिडिलनं सुरुवातीला केस जास्त झडतात, तेव्हा घाबरून सोडू नकोस. माझं ऐकशील तर लग्नाच्या धावपळीत गोळी सुरू करू नको, त्या टेन्शनमध्ये कशामुळे काय होतंय तेच कळत नाही.

सुदामानगरवाला
ताई, दादा, खूप आभार. मामेभावाचं वाचून भोवऱ्याचा वरून फोटो काढला, वाटलं होतं त्यापेक्षा जास्त विरळ आहे. मिनॉक्सिडिल आत्ताच सुरू करतो. गोळीचं जिच्याशी ठरेल तिच्याशी बोलून मग. ताई, मूल हवं असेल तेव्हा गोळी चालते का? आणि मी रक्तदान करतो नेहमी, ते?

त्वचा_डॉक्टर_ताई
काहींचे शुक्राणू कमी होतात, थांबवल्यावर सुधारतात, म्हणून मुलाचा विचार असेल तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा. बायको गरोदर असताना तुटलेल्या गोळीला तिनं हात लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. रक्तदान शेवटच्या गोळीनंतर महिनाभर नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.