वय ३६, डिप्लोमा मेकॅनिकल. नोकरी सांभाळून आता बी.टेक. करावं का?

बार्शी_ते_चाकण

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मूळचा बार्शी तालुक्यातला. दहावीनंतर डिप्लोमा केला, मेकॅनिकल, एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ). २०११ला बाहेर पडलो. त्या साली घरात बहिणीचं लग्न निघालं आणि विहिरीचं कामही निघालं, त्यामुळे डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरचा फॉर्म भरायचा राहिला आणि मी पुण्याची गाडी धरली. त्याचं दुःख करत बसलेलो नाही. बरोबरची जी पोरं डिग्रीला गेली त्यातली काही आज बँकेत नोटा मोजतायत.

सध्या चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. गिअरबॉक्सची हाउसिंग मशीन करून पुढे देतो. सीएमएम (मापं घेणारं मशीन), कस्टमर ऑडिट, पीपॅपची फाइल (पार्ट चालू करण्याआधी कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं), कस्टमरकडून रिजेक्शन आलं की तिकडे पळायचं, हे सगळं माझ्याकडे. नवीन बी.ई. पोरं आली की ड्रॉइंग वाचायला मीच शिकवतो. गेल्या एप्रिलात त्यातलाच एक असिस्टंट मॅनेजर झाला. पोरगा गुणी आहे, त्याच्यावर अजिबात राग नाही. एचआरला विचारलं तर म्हणाले, त्या ग्रेडला डिग्री लागते, सिस्टीमच घेत नाही. सिस्टीमशी काय भांडणार?

आकुर्डीच्या बाजूला एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी बी.टेक. आहे. वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवार. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात, म्हणजे तीन वर्षं. फी वर्षाला लाखाच्या आसपास सांगितली. मोशीत वन बीएचके घेतलाय, त्याचा हप्ता चालू आहे. मुलगी तिसरीत. बायको घरी शिकवण्या घेते. ती म्हणते, करायचं तर करा, पण मधेच सोडायचं नाही. वडील फोनवर म्हणाले, "आता पोरीला शाळेत घालायचं वय, तू कुठं दप्तर घिऊन निघाला?"

एक माणूस रोज फोन करतो. एका वर्षात बी.टेक., परीक्षा घरून, मागच्या तारखेची मार्कशीट. त्याला नंबर कुणी दिला देव जाणे.

आणखी एक कारण आहे, पण ते लिहायला जरा अवघड वाटतंय. आम्ही सीपीके काढतो, म्हणजे पार्टची मापं ठरलेल्या मर्यादेत किती ऐसपैस बसतात याचा आकडा. रीडिंग टाकली की सॉफ्टवेअर आकडा देतं. पीपॅपला १.६७, नंतर १.३३ च्या वर असला की फाइल पुढे सरकते. एकदा ऑडिटरने विचारलं, हा डेटा नॉर्मल (सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेला) आहे हे कशावरून धरलंत? मी उत्तर दिलं, त्यानं मान डोलावली, विषय संपला. ते उत्तर मला पाठ होतं. त्याच्या आत काय आहे ते माहीत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

तर प्रश्न असे: या वयात बी.टेक. करून ग्रेड खरंच बदलते का? आणि इतक्या वर्षांनी गणित जमेल का? एम थ्रीबद्दल (दुसऱ्या वर्षाचं गणित) लई ऐकून आहे.

चिंचवडकरीण

दादा, मी एचआरमध्येच आहे (तुमच्या कंपनीत नाही, काळजी नको). तुमच्या एचआरने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ग्रेडला डिग्री लागते हे बऱ्याच ठिकाणी खरं असतं. पण डिग्री आणली की ग्रेड देऊ असं त्यांनी म्हटलंय का? या दोन वाक्यांत तीन वर्षांची फी आहे.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी मेल टाका. तोंडी नको, मेलच. नोकरीत असताना केलेली डिग्री रेकॉर्डला धरतात का, आणि धरली तर पुढच्या अप्रेझलला ग्रेडचा विचार होतो की जागा रिकामी व्हायची वाट बघायची, हे विचारा. फीचा काही भाग देणाऱ्या कंपन्याही असतात, पण त्या बदल्यात बाँड लिहून घेतात. बाँड किती वर्षांचा आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका. आणि कॉलेज तुमच्याकडे नोकरीचा दाखला आणि कंपनीचं ना हरकत पत्र मागेल. ते पत्र देताना तुमचे साहेब कसं तोंड करतात यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

जनरल शिफ्ट मिळेल का हेही आत्ताच ठरवा. सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळचं कॉलेज संपलं.

नोकरी करणाऱ्यांसाठीचे हे वर्ग एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२३-२४ पासून सुरू करू दिलेत, तेव्हा प्रकार खरा आहे. पण कॉलेजला मान्यता आहे म्हणजे या वर्गालाही आहे असं गृहीत धरू नका. त्या वर्षाचं मंजुरीपत्र काढा आणि त्यात तुमची शाखा आणि 'वर्किंग प्रोफेशनल' हे शब्द शोधा. कामाचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात असावं लागतं, तेही विचारून घ्या.

त्या रोज फोन करणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. इंजिनिअरिंगची डिग्री दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेता येत नाही, यूजीसीचे नियमच तसे आहेत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा शिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला, तेव्हा नोकरीत मुरलेल्या लोकांची धावाधाव झाली होती. आणि मागच्या तारखेची मार्कशीट हा तर सरळ फौजदारी मामला आहे. आम्ही पडताळणी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतो. ती मार्कशीट सापडली तर ग्रेड सोडा, आहे ती नोकरीही जाते.

शिक्षणासाठी कर्ज काढलंत तर व्याजावर आयकरात वजावट मिळते, स्वतःच्या शिक्षणालाही. मात्र जुनी कररचना घेतली असेल तरच.

भोसरीचा_टर्नर

मी आयटीआय टर्नर. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि एक म्हातारं लेथ जे विकवत नाही. तेव्हा माझं मत एकांगी आहे हे धरून वाच.

नको करू. तीन वर्षं, तीन लाख, वर पेट्रोल, आणि शेवटी काय? दुसऱ्याचाच असिस्टंट मॅनेजर. आज तू रिजेक्शन बंद करतोस म्हणून तुला किंमत आहे. असिस्टंट मॅनेजर झालास की मीटिंगमध्ये बसून रिजेक्शनच्या स्लाइडी दाखवशील.

त्यापेक्षा आयएटीएफ १६९४९ चा (गाड्यांच्या पार्टवाल्यांचं क्वालिटीचं स्टँडर्ड) ऑडिटरचा कोर्स कर, जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकाराच्या आणि जागेच्या मर्यादांच्या खुणा) नीट कर. माझ्यासारखे शंभर वर्कशॉपवाले आहेत ज्यांना पीपॅपची फाइल बनवता येत नाही. कस्टमर मागतो आणि आम्ही कुणाच्या तरी पाया पडतो. रविवारी दोन तास येऊन फाइल लावून देणारा माणूस आम्हाला पाहिजे. त्याची डिग्री आजवर कुणी विचारलेली नाही.

आणि चाकणहून संध्याकाळी आकुर्डी? तळेगाव चौकात एक कंटेनर आडवा झाला की तुझं पहिलं लेक्चर गेलं. दुसऱ्या लेक्चरला तू झोपणार.

चिंचवडकरीण

काका, रविवारी दुसऱ्यांच्या फाइली लावायचा सल्ला देताय, पण त्यांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरं काम करायचं नाही असं कलम असण्याची दाट शक्यता आहे. तेवढं आधी वाचू देत.

भोसरीचा_टर्नर

वाचू दे की. मी कुठं नाही म्हणतो?

सबमिशन_बाकी_आहे

मी डिप्लोमानंतर आठ वर्षं नोकरी करून डिग्रीला गेलो. सोलापूर रोडला दिवसा नोकरी, संध्याकाळी कॉलेज. आता शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून गणिताबद्दल लिहायचा मला हक्क आहे असं समजतो.

एम थ्रीला लोक घाबरतात, पण घाबरण्याची जागा चुकीची निवडतात. लाप्लास, फुरिये हे प्रकार नाव ऐकून भयंकर वाटतात. प्रत्यक्षात ते ठरलेल्या पायऱ्यांचं काम आहे, तक्ता पाठ केला आणि हात बसला की सुटतं. आपल्याला मारतं ते मागचं. थेट दुसऱ्या वर्षात आल्यामुळे आपलं पहिलं वर्ष झालेलंच नसतं, आणि व्हेक्टर कॅल्क्युलस शिकवताना सर गृहीत धरतात की पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि डबल इंटिग्रल तुम्ही करून आलाय. वर्गातली सगळी डिप्लोमावाली मंडळी तिथे एकमेकांकडे बघतात. म्हणून प्रवेशाआधीच्या दोन-तीन महिन्यांत फक्त हेच करा: डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मग पार्शल. एम थ्रीचं पुस्तक तोवर उघडूच नका.

अभ्यासापेक्षा जास्त त्रास वेळेचा होतो. सेमिस्टरची परीक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सबमिशन आणि टर्मवर्क मार्च-एप्रिलमध्ये. मार्चमध्ये कंपनीत काय चालू असतं हे क्वालिटीवाल्याला मी काय सांगू? डिस्पॅच अडकलाय, वर स्टॉक ऑडिट, आणि इकडे सर म्हणतायत फाइलवर सही नाही तर हॉल तिकीट नाही. माझी सगळी रजा त्यात जाते. गावच्या जत्रेला जाणं बंद झालं, आणि त्यावरून आई अजून नीट बोलत नाही. घरच्यांना हे आधी सांगा. 'अभ्यास करणार' एवढं सांगून भागत नाही. मार्च आणि नोव्हेंबर मी घरात नाही, असं सांगा.

आता तुमच्या त्या किड्याबद्दल. मला वाटतं तुमचे प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच फॉर्मवर भरताय. ग्रेडचा प्रश्न डिग्रीने सुटेल, कदाचित. सीपीकेच्या आत काय आहे हे कळायला बी.टेक. हा फार लांबचा रस्ता आहे. आमच्या मेकॅनिकलच्या सिलॅबसमध्ये प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्सला एम थ्रीमध्ये थोडीच जागा आहे. नॉर्मल डिस्ट्रिब्युशन येतं, तक्त्यातून क्षेत्रफळ काढायचं, मार्क घ्यायचे, पुढचं युनिट. 'डेटा नॉर्मल आहे हे कशावरून धरलं' हा तुमच्या ऑडिटरचा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

त्यासाठी एनपीटीईएल बघा. आयआयटीतल्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स, जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, बहुतेक आठ किंवा बारा आठवड्यांचे. शिकायला फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. प्रोबॅबिलिटीचा बारा आठवड्यांचा एक घ्या. दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि तिची तारीख तुमच्या शिफ्टसाठी थांबत नाही. विषय कळेलच, शिवाय दिवसभर चाकणला राबून रात्री वही उघडवते का याचं उत्तर तीन लाख न भरता मिळेल.

करवीर_६२

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात फाउंड्रीत नोकरी करत एएमआयई केलं (इंजिनिअरांच्या संस्थेच्या परीक्षा देऊन मिळणारी पात्रता). सेक्शन ए, सेक्शन बी, सगळं घरी बसून. कॉलेजची पायरी चढलो नाही. त्यावर पुढे डिग्रीच्या जागेवर बढती मिळाली आणि त्याच जागेवरून निवृत्त झालो. हे सांगतोय ते बढाई म्हणून नाही. तुम्हाला कुणीतरी 'त्यापेक्षा एएमआयई करा, स्वस्तात होतं' असा सल्ला हमखास देईल. माझ्या पिढीला तो बरोबर होता. आता ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नोंदणी केली त्यांचंच एएमआयई डिग्रीच्या बरोबरीचं धरतात. तुमची ग्रेड त्याने हलणार नाही.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मनावर घेऊ नका. आमचे वडील मी पस्तिशीत परीक्षेला बसलो तेव्हा शेजाऱ्यांना सांगत होते की पोरगा कोर्टाच्या कामाला गेलाय.

बार्शी_ते_चाकण

सगळ्यांचे आभार. जरा उशिरा लिहितोय, मधे ऑडिट होतं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मेल टाकला. दोन ओळींचं उत्तर आलं. नोकरीत असताना केलेली डिग्री रेकॉर्डला धरतात, मान्यताप्राप्त असली तर. ग्रेडबद्दल 'व्यवसायाच्या गरजेनुसार' असं लिहिलंय. ते मी तीनदा वाचलं आणि बायकोला दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे नाही. मला ते पूर्ण नाही वाटत, पण हो तर नक्कीच नाही. साहेब म्हणाले जनरल शिफ्ट देऊ, फक्त लेखी मागू नकोस.

यंदाचा फॉर्म भरत नाही. काकांनी खूश व्हायचं कारण नाही, कारण अपॉइंटमेंट लेटरमध्ये ते कलम निघालं.

कॉलेजचं मंजुरीपत्र मागितलंय, अजून हातात आलेलं नाही. 'वेबसाइटवर आहे' म्हणतात, पण मला काही दिसलं नाही. तोवर जुलैचा प्रोबॅबिलिटीचा कोर्स घेतलाय. पहिल्या असाइनमेंटमध्ये दहापैकी सहा आले. दोन गणितं कळूनही चुकली आणि दोन कळलीच नाहीत. बेझचं सूत्र कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे मराठीतून कुणी समजावून सांगेल का? रेसिपी नको, का लावायचं ते पाहिजे. उदाहरण रिजेक्शनचंच घेतलं तर उत्तम: दोन मशीनवर पार्ट होतात, एका मशीनचं रिजेक्शन जास्त, हातात खराब पार्ट आलाय, तर तो कुठल्या मशीनचा असेल?

@सबमिशन_बाकी_आहे, तुम्ही ऑनलाइन असाल तर आज रात्री दहानंतर मी इथेच आहे.