प्लेटलेट्स ५ दिवसच टिकतात
घरात कुणाला कॅन्सर झाला की नातेवाइकांनी नुसतं ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून काही होत नाही, हे खरंच. पण सगळ्यांनी एकदम मदतीला धावण्यातही गोची आहे. भाच्याला १५व्या वर्षी युइंग सार्कोमा (हाडांचा एक कॅन्सर) निघाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही आठ जण रक्त देऊन मोकळे झालो. पुढे केमोनंतर प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) घसरल्या आणि ताई रात्री अकराला वॉर्डाबाहेर उभी राहून दाते शोधत होती. प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच टिकतात, आणि नुकतंच रक्त दिलेल्याला लगेच पुन्हा देता येत नाही. मग मी वहीत केमोच्या तारखा मांडून दात्यांच्या पाळ्या लावल्या, फोन माझ्याकडे घेतले.

बाकी, नाक गळत असेल तर भेटायला जाऊच नका. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात. भाच्याला तसंही आमच्यापेक्षा मित्रांचे फालतू मेसेजच जास्त हवे असायचे.