झोर्की-४: एक सेकंदावर रोल पुढे घेताना नॉब अडतो

मामांची झोर्की-४ (जुना रशियन फिल्म कॅमेरा) वापरतेय. दिवेलागणीचे फोटो ट्रायपॉडवर, एक सेकंदाला. बटण दाबलं की आत घरघर होते. तेव्हाच नॉब फिरवला तर अडतो. जोर लावू का?

उत्तर १:
अजिबात नको, ताई! ती घरघर म्हणजे कमी वेगाची दातेरी चक्रं. शटरचा दुसरा पडदा, म्हणजे फिल्मवरचा प्रकाश बंद करणारा, अजून सुटलेलाच नाही. शेवटचा 'टक्' ऐकू येईपर्यंत नॉबला हात लावू नका. आणि शटरचा वेग बदलायचा तो नॉब पूर्ण फिरवून शटर चढवल्यावरच. न चढवता वेगाची डायल फिरवलीत तर आतली यंत्रणा बिघडू शकते. जुन्या रशियन कॅमेऱ्यांचे नखरे, दुसरं काय!

उत्तर २:
माझ्या पेंटॅक्स के १००० कॅमेऱ्यावर वेग शटर चढवण्याआधी-नंतर कधीही बदला, चालतं. 'टक्'ची वाट मात्र तिथेही बघतो.

ताई:
थंडीत घरघर मधेच थांबते, 'टक्' येतच नाही.

उत्तर १:
ग्रीस घट्ट झालंय. वरून तेल सोडू नका, पडद्यांवर ओघळेल, सर्व्हिसिंगच करा. तोवर १/३० सेकंदापेक्षा जलद वेगच वापरा. रोल ओढताना रिवाइंडचा नॉब फिरतोय ना तेही बघा. रोल संपत आल्यावर अडला तर फिल्म संपलीय, ओढलंत तर फाटेल.