वासाची नोटीस मीच लिहिली होती. आपल्यातला वंशभेद आपल्याला दिसतो का?

ओसरी:
पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कोहिमाच्या दोन मुली भाड्याने राहतात, दोघी नर्स. ‘घाण वास येतो’ अशी तक्रार आली आणि सेक्रेटरी म्हणून नोटीस मी लिहिली. वास अखुनीचा होता, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा. नागा लोक अखुनी चटणीत, डुकराच्या मटणात घालतात. नोटीस द्यायला गेलो तर धाकटीने हिंदीत शांतपणे विचारलं, “काका, तुमच्याकडे सुकट भाजतात तेव्हाही नोटीस निघते का?” त्याच सकाळी आमच्याकडे सुकट भाजली होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

२००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती. अखुनी, बांबूचे कोंब शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा, असा सल्ला तीत होता. तेव्हा मी दिल्लीवाल्यांना नावं ठेवली होती. नोटीस फाडली, पण टोचतंय वेगळंच. बेल वाजवण्याआधीच मी ठरवून टाकलं होतं की या मुली रात्री-अपरात्री येतात म्हणजे पार्ट्या करत असणार. धाकटी रात्रपाळी करून आली होती, अंगावर अजून युनिफॉर्म होता.

बाणेदार:
यात वंश कुठून आला? मुंबईत मांसाहारी म्हणून मराठी माणसालाही घर नाकारतात. आणि मी तीन वर्षं इंफाळला नोकरी केली आहे. तिथे बाहेरच्याला ‘मयांग’ म्हणतात, शिलाँगला ‘दखार’. बाजारात तोंडावर ऐकलंय. सगळा दोष आपल्याच माथी का मारायचा?

मुक्ता:
बाणेदार, तुम्ही सोसलंत ते खरंच आहे. पण बदली झाली आणि तुमचं ते संपलं. अरुणाचलचा निदो तानिया जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात पत्ता विचारायला थांबला. केसांवरून चेष्टा झाली, त्यातून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आपलं पुणेही वेगळं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्या आणि ईशान्येची मुलं मिळेल त्या गाडीने निघून गेली. माझी रूममेट त्यात होती. सॅकमध्ये कपडे कोंबले, कुकर मावेना म्हणून माझ्याकडे ठेवला. न्यायला आलीच नाही.

बाणेदार:
निदोचा जीव गेला ते भयंकरच, त्यात दुमत नाही. पण साध्या प्रश्नालाही वंशभेद म्हणायला लागलो तर लोक बोलायचेच बंद होतील. आमच्या शेजारच्या मुलीला मी “नेपाळची का गं?” विचारलं, त्यात द्वेष नव्हता.

रानवाट:
द्वेष नसेल, पण तिला तो प्रश्न रिक्षावाला, दुकानदार, बँकवाला, सगळेच विचारतात. माझी बायको मिझो आहे. आधार कार्ड दाखवूनही पासपोर्ट मागणारे भेटलेत. लग्नाआधी माझ्या आईनेही विचारलं होतं, “ती कुत्रं खाते का?” आई वाईट नव्हती. पण बायको ते विसरलेली नाही.

ओसरी:
बाणेदार, मयांगचं मला ठाऊक नव्हतं, बरं झालं लिहिलंत. एक विचारतो. बाजारात तसं कोणी म्हटलं तेव्हा तुमच्या बाजूने कोणी बोललं का?

बाणेदार:
एकदा. इमा कैथेलमधली, म्हणजे इंफाळच्या बायकांच्या बाजारातली, मासे विकणारी बाई. तिने त्या गिऱ्हाइकाला मणिपुरीत झापलं. काय म्हणाली ते कळलं नाही, पण तो गप्प बसला. मग तिने माझे मासे नीट पानात बांधून दिले.