“शेवटी आयफोनच स्वस्त पडतो” म्हणणाऱ्यांनी एकदा कारखान्यात येऊन बघावं

टॉवेलवाला
होटगीरोडकर यांनी काल लिहिलं की अँड्रॉइडवाले दर दोन वर्षांनी फोन बदलतात, आयफोन सात वर्षं जातो, म्हणून हिशोबाने तोच स्वस्त. आणि ज्याला हे कळत नाही त्याने व्यवहाराच्या गप्पा मारू नयेत. ते शेवटचं वाक्य मला लागलं. व्यवहारावरच माझं घर चालतं.

सोलापुरात टेरी टॉवेलचा कारखाना आहे, वर पत्रा. मागावरून उडणारं तूस नाकातोंडात जातं तसं फोनच्या चार्जिंग पॉइंटमध्येही जातं. गेल्या वर्षी माझा फोन चार्जच होईना. एका सर्व्हिस सेंटरने बोर्ड गेलाय म्हणून नऊ हजार सांगितले. नव्या पेठेत एका पोऱ्याने टूथपिकने तूस काढलं, पन्नास रुपये घेतले, फोन आजही चालू आहे. आमच्या हातात फोन पडतो, तापतो, तुसाने भरतो. तिथे सात वर्षांच्या अपडेटचं काय घेऊन बसलात?

होटगीरोडकर
मालक, तूस काय कंपनी बघून शिरतं? आयफोन ६एस २०१५ चा. त्याला २०२१ मध्ये आयओएस १५ चं अपडेट मिळालं. बारा हजारांच्या अँड्रॉइडला इतकी वर्षं कोण विचारतं? माझ्या वडिलांच्या जुन्या फोनवर बँकेचं ॲप चालेनासं झालं. पेन्शन जमा झाली का बघायला सत्तरीचा माणूस मे महिन्यात रांगेत उभा होता. तुमचं पन्नास रुपयांत भागलं, त्यांना चक्कर आली.

टॉवेलवाला
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण पिक्सेल ८ पासून गूगल आणि एस२४ पासून सॅमसंगही सात वर्षं अपडेट देतंय.

होटगीरोडकर
ते फोन बारा हजारांत मिळतात का? एवढे पैसे मोजायचे तर मग माझंच म्हणणं खरं झालं की.

नवीपेठ_रिपेरिंग
तुसाचं निघालंय म्हणून सांगतो, रोजचं काम आहे. तूस निरांजनातल्या वातीसारखं घट्ट बसलेलं असतं. कारखान्यात लाल टॉवेल चालू असला तर वात लाल निघते. आयफोनचं जुनं लाइटनिंगचं भोक आतून मोकळं होतं, काडी सरळ फिरायची. आयफोन १५ पासून तिथेही टाइप-सी आलं. त्यात मधे पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना तूस दाबून बसतं. जाड काडी घातली की जीभ मोडते. सुई तर अजिबात नको.

अशोकचौक
आम्ही कॉम्प्रेसरची हवा मारतो. दोन सेकंदांत साफ.

नवीपेठ_रिपेरिंग
आणि आठ दिवसांनी माझ्याकडे येता. त्या हवेत पाणी असतं, टाकी कधी रिकामी केली होती आठवतं का? ॲपलही स्पष्ट सांगतं, दाबाची हवा मारू नका.

अशोकचौक
दहा वर्षं मारतोय बे, काही झालं नाही! तुम्हाला धंदा पाहिजे म्हणून लोकांना भीती घालताय.

नवीपेठ_रिपेरिंग
धंदा पाहिजे असता तर काडी कशी फिरवायची हे इथे फुकट सांगितलं नसतं. शब्द जपून वापरा.

होटगीरोडकर
आयफोन ८ पासून वायरलेस चार्जिंग आहे. भोकाला हातच लावायचा नाही. बारा हजारांच्या फोनला आहे का ते?

टॉवेलवाला
नाही, हे मान्य. पण वायरलेसवर फोन जास्त तापतो. ॲपल म्हणतं ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर, पत्र्याखाली तर बोलूच नका.

होटगीरोडकर
सॅमसंगही ३५ च म्हणतं. सोलापूरचा उन्हाळा आयफोनच्या माथी मारू नका.

पूर्वभागातली
दोन तास झाले, भोकावरच भांडताय. माझी आई विड्या वळते, तेलुगू बोलते, लिहिता येत नाही. गूगलने २०१७ मध्ये कीबोर्डवर तेलुगू आणि मराठी बोलून टाइप करायची सोय आणली, तेव्हापासून ती मांडीवरचं सूप बाजूला न ठेवता माझ्या मावशीला निरोप पाठवते. दादा आता तिला स्वतःचा जुना आयफोन देतोय, आणि तिला तो नकोय.

होटगीरोडकर
ताई, गूगलचा तोच कीबोर्ड आयफोनवरही बसतो.

पूर्वभागातली
बसवून पाहिला. पासवर्ड टाकायच्या जागी फोन स्वतःचाच कीबोर्ड पुढे करतो. नेमकी तिथे ती घाबरते आणि फोन ठेवून देते. तिला परत पहिलीत बसवायचं का?

होटगीरोडकर
नाही. आईंना अँड्रॉइडच ठेवा, तिथे माझा हिशोब लागू होत नाही.

टॉवेलवाला
मग सगळ्यांना एकच हिशोब लावला कशाला? अपडेटचं मी मान्य करतो. पुढचा फोन घेताना किती वर्षं मिळणार हे आधी विचारेन, आणि त्यासाठी तीन-चार हजार जास्त देईन. पण ते व्यवहाराचं वाक्य मागे घ्या.

होटगीरोडकर
वाक्य मागे घेतलं. मत नाही.

अशोकचौक
रिपेरिंगवाले, कालपासून माझा फोन एकाच बाजूने पिन लावली तर चार्ज होतोय.

नवीपेठ_रिपेरिंग
अकराला दुकान उघडतो. बंद करून आणा आणि तोपर्यंत आत काही घालू नका.